चौथी ब, सकाळची पाळी

टेकडीच्या मावळतीच्या अंगाला आमची शाळा,
म्हणून पर्वतीपुढच्या लोकांना सातला मिळतं ते ऊन
आम्हाला पावणेनऊला.
तोवर चौथी ब वाफ सोडत बसते,
बेचाळीस तोंडं, बेचाळीस किटल्या.

पेपरात पाषाणचा पारा साडेसात.
आमच्या वर्गाचा कुणी मोजलेला नाही.
उत्तरेच्या खिडकीची काच गणपतीत फुटली,
तिथं टेबलफॅनच्या खोक्याचा पुठ्ठा लावलाय,
पुठ्ठ्यावर पंख्याचं चित्र,
आणि खरंच वारा येतो.

हजेरीत 'हजर' कमी, खोकला जास्त.
आता मी मान वर न करता ओळखते:
कोरडा, दोनदाच, म्हणजे सिद्धेश लोंढे.
इरफानाचा खोल, आडातून बादली ओढल्यासारखा.
मयूरीच्या अंगात एकावर एक दोन फ्रॉक.
"स्वेटर?" "धुवायला टाकलाय, बाई."
दिवाळीपासून तो धुवायलाच आहे.

वह्या तपासताना कळते थंडी.
जूनमधला क ताठ उभा,
जानेवारीतला पोटाशी पाय घेऊन बसलाय.
वेलांट्या कापतात,
अनुस्वार शेजारच्याच अक्षरावर जाऊन पडतो.
लाल पेन उचलते, ठेवते.
चूक कुणाच्या नावावर लिहू?

एका सोमवारी हौसाबाई धेंडे, आमच्या शिपाई,
घमेलं घेऊन आल्या, पदरानं धरून,
आत लालबुंद कोळसे.
"शेळीला गोणपाट घालते मी रात्री.
ही तर लेकरं हायेत."

दोन दिवस.
बोटं उलगडली. सतराचा पाढा एका दमात झाला.
इरफाना चक्क झोपली, गाल बाकाला लावून,
मी उठवलं नाही.
काचेसाठी नवा अर्ज करायचा होता, तोही राहिला.

बुधवारी सिद्धेशच्या छातीत पिपाणी वाजू लागली.
मुलं आधी हसली.
मग नाही हसली.
जांभळं खाल्ल्यासारखे ओठ, जानेवारीत.
रिक्षा. मनपाचा दवाखाना. तोंडावर वाफेचा मास्क.
डॉक्टर माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, चिडलेली:
"बंद खोलीत कोळसा? तुम्ही शिकवता ना, मॅडम?"
हो. चौथीला.
त्याच आठवड्यात शिकवला होता, परिसर अभ्यास, पाठ हवेचा.

रात्री अंथरुणात सुचलं,
की काच धड असती तर धूर सगळाच आत राहिला असता.
ज्या फटीला तीन महिने शिव्या घातल्या
तिनंच बाकीच्या एक्केचाळिसांना बाहेरची हवा पुरवली.
तेव्हापासून त्या पुठ्ठ्याकडे बघून
काय वाटायला हवं ते ठरत नाही.

मग कुठल्याशा कंपनीनं हीटर दिला. फोटो झाला.
बटण दाबलं आणि अख्खा मजला गेला,
मुख्याध्यापकांच्या संगणकासकट.
तो आता कपाटात, नकाशांशेजारी,
प्लॅस्टिकही काढलेलं नाही.

पावणेनऊला पाण्याच्या टाकीपाशी
सतरंजीएवढं ऊन उतरतं.
चौथी ब तिथं जाते.
ऊन सरकतं, आम्ही सरकतो,
कोकणापासून सुरू झालेला महाराष्ट्र
विदर्भात पोचेस्तो पाचवीच्या दाराशी आलेला असतो
आणि आतून पाचवीच्या बाई दार लावून घेतात.
पावणेनऊच्या आधीचं विचारू नका.
तोवर पाढे, उभ्यानं, पाय आपटत.

हौसाबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत,
किंवा मी त्यांच्याशी.
घमेलं त्यांनी परत नेलं नाही.
पाचव्या दिवशी चहा आणला, दोन कप,
एक स्वतःसाठी, आणि दारातच बसून प्यायल्या.

सिद्धेश पुढच्या सोमवारी आला,
कानटोपीत निम्मा.
"लोंढे सिद्धेश."
"हजर."
मी खाली मान घालून थांबले,
पेन त्याच्या रकान्यावर.
थांबले.
खोकला आला. कोरडा, दोनदाच, नेहमीचा.
मग पुढचं नाव घेतलं.